नोंग्रियाटला पुलाची कोवळी मुळी माझ्या हातून मोडली

ओलीमाती:
गेल्या आठवड्यात मेघालयात होते. टिर्नाहून तीन हजारांवर पायऱ्या उतरून नोंग्रियाटला गेलो, जिवंत झाडाच्या मुळ्या विणून केलेला दोन मजली पूल पाहिला. त्याच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, मला विचारायचंय ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी गावाच्या पुढे एका ओढ्यावर अर्धवट पूल दिसला. बांबूची परांची आणि तिच्यावरून ओढून नेलेल्या पाच-सहा मुळ्या, काही मनगटाएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या. त्यातली एक फोटोच्या आड येत होती म्हणून मी हाताने बाजूला केली, तर ती टोकाकडून वीतभर अंतरावर कटकन मोडली. बोटांना पांढरा चीक लागला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तशीच निघून आले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मुळी अशी मोडली की पुन्हा वाढते का? की कोणाची कित्येक वर्षांची मेहनत मी वाया घालवली?

पायवाट:
मी नोकरीनिमित्त शिलाँगला चार वर्षं होतो. जवळजवळ प्रत्येक सुट्टीत त्या दऱ्यांमध्ये उतरायचो, म्हणून लिहितो.

आधी मुळीचं. हे झाड म्हणजे आपण कुंडीत लावतो तोच रबर प्लांट, फायकस इलॅस्टिका, वडाचा भाऊबंद. पारंबीचं टोक मोडलं तर मोडल्या जागेच्या मागून नवे फुटवे येतात, बऱ्याचदा एकाऐवजी दोन-तीन. तेव्हा ती मुळी मेली असं समजू नका. नुकसान झालं ते वेळेचं. टोक जितकं पुढे पोचलं होतं, तिथपर्यंत फुटव्याला पुन्हा जावं लागणार.

आणि तिथे वेळ हाच खरा माल आहे. तिथले खासी लोक या पुलाला जिंगकिएंग ज्री म्हणतात, ज्री म्हणजे हे रबराचं झाड. काठावरच्या झाडाच्या पारंब्या बांबूवरून, नाहीतर पोफळीचं खोड पोखरून केलेल्या पन्हळीतून पलीकडे नेतात. बांबू पावसात कुजतो, तो बदलत राहायचा. पारंबी हवेत असते तोवर बारीकच असते. पलीकडच्या मातीत शिरली की ती भराभर जाड व्हायला लागते. मग दोन मुळ्या एकमेकींना घासतात, साली झिजतात आणि आतून जुळून एकजीव होतात. मुद्दाम गाठी मारून, पीळ देऊन हे जुळणं घडवून आणतात. निर्धास्त चालण्याजोगा पूल व्हायला 15 ते 30 वर्षं जातात. त्यानंतरही दर मोसमात कोणी ना कोणी येऊन नवी मुळी जुन्या कठड्यात विणून जातो. मला त्यांचं हे विणत राहणं पुलापेक्षाही मोठं वाटतं.

एवढा खटाटोप का, ते पावसाळ्यात तिथे गेलं की कळतं. सोहऱ्याला (म्हणजे चेरापुंजीला) वर्षाला सरासरी 11 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गुडघाभर ओढा तासाभरात दगड लोटत येतो. लोखंडी तारा गंजतात, नुसता बांबू कुजतो. आणि पलीकडच्या उतारावर सुपारीच्या, तमालपत्राच्या बागा, त्यामुळे ओढा ओलांडायचा तर रोजच. 1844 साली हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या पुलांबद्दल लिहिलं, म्हणजे तेव्हाही लोक त्यांवरून ये-जा करत होते.

गावात मात्र नक्की कळवा. कोणत्या काठाकडची, कितवी मुळी, सगळं सांगा. फुटवा कुठे शोधायचा ते त्यांना कळेल.

रानमेवा:
पायवाट यांच्याशी सहमत. एक भर घालते. रंगथिलियांगचा पूल 50 मीटरहून लांब आहे, तो पाहिला तेव्हा जुन्या मुळांवर लोकांनी चाकूने कोरलेली नावं दिसली. साल कापली की तिथे कीड-बुरशी शिरायला वाट होते. जाणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, पुलावर दाटी करू नका, मुळांना लोंबकळू नका आणि कोवळ्या पारंब्यांना हात लावू नका. 2022 पासून हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तेव्हा गर्दी वाढतच जाणार.

ओलीमाती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जिथे उतरलो होतो त्या घरच्या काँगना फोन केला (तिकडे मोठ्या बाईंना काँग म्हणतात). तुटकी हिंदी त्यांची, तुटकी माझी. मी रडवेली झाले होते. त्यांनी फक्त विचारलं, "दगडाकडची की बांबूकडची?" बांबूकडची म्हटल्यावर म्हणाल्या, ती त्यांच्या दिरांनी लावलेली, उद्या सुपारीला जाताना ते बघतील.

आज फोटो आला. मोडलेल्या जागेच्या मागे अजून काही फुटलेलं नाही, पण त्यांनी तिथे ओलं शेवाळ गुंडाळून सुतळीने बांधलंय आणि शेजारची एक बारीक मुळी वाकवून त्याच बांबूवर आणून ठेवलीय.