भिंतीवरची चित्रं घरात आणावीत का? आणि आणलीच तर कुणाची?

दोनबीएचके

परवा साडू घरी आले होते. हॉलमधल्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "कितीला बसलं?" साडेअठरा हजार म्हटल्यावर ते चित्राकडे बघायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. "अहो, यात थोडे घातले असते तर एसी आला असता." बायको हसली. मुलगा म्हणाला, मी केव्हाचा हेच सांगतोय. घरात एकटा पडलोय म्हणून वाद इथे, फोरमवर आणतो.

चित्र असं आहे. दोन बाय तीन फूट, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, आकाश स्प्रेनं मारलेलं. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल, 2022 च्या 2 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला तो. खाली ट्रकची रांग, सगळं धुरकट राखाडी, आणि कठड्यावर कुणीतरी वाळत घातलेला एक हळदी पिवळा टॉवेल. त्या पुलाखाली सहा वर्षं मी रोज अर्धा तास उभा असायचो, टॉवेल कधी दिसला नव्हता. चित्रकाराला दिसला.

गेली नऊ वर्षं मी शहराची चित्रं घेतोय. काही घेतली ती भिंती रंगवणाऱ्या पोरांच्या कॅनव्हासपैकी, काही बालगंधर्वच्या कलादालनात, काही घोले रोडच्या राजा रविवर्मा दालनात. नियम चारच. चित्रकार हयात हवा, शक्यतो त्याला भेटून थेट घ्यायचं, 25 हजारांच्या वर जायचं नाही आणि चित्र लिफ्टमधून वर आलं पाहिजे. आजवर चौदा झाली. विकायच्या हिशोबानं एकही घेतलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पगारदार माणसानंही आपल्या काळातल्या, आपल्या शहराच्या चित्रांचा संग्रह करावा, आणि त्यात 'गुंतवणूक' हा शब्द आणू नये. न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी वोगेल आठवा. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं आणि त्याच्या पगारात चित्रं यायची. एका बेडरूमच्या घरात चार हजारांहून जास्त कलाकृती जमल्या, आणि 1992 मध्ये संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे गेला. परवडलं पाहिजे आणि घरात मावलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. बोला.

कोथरूड डेपो

एसीच घ्यायला हवा होता.

जमाखर्च

'गुंतवणूक म्हणू नका' हे वाक्य मी अशिलांकडून दर मार्चमध्ये ऐकतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'तोटा झालाय, विचारू नका' असा असतो.

वोगेल दांपत्य साठच्या दशकात मॅनहॅटनमध्ये होतं. ज्यांची चित्रं घेत होतं ते पुढे मोठे झाले. त्याच वर्षांत त्याच शहरात अजून किती कारकुनांनी चित्रं घेतली असतील आणि त्यांच्या पोरांनी ती भंगारात दिली असतील, ते कोण मोजतं? जे तरले त्यांच्याच गोष्टी होतात. बास्कियाचंच घ्या, सत्तरच्या दशकाअखेर मॅनहॅटनच्या भिंतींवर स्प्रेनं लिहीत फिरणारा पोरगा. त्याचं 1982 चं कवटीचं चित्र 1984 मध्ये 19 हजार डॉलरला गेलं होतं, ते 2017 मध्ये 11 कोटी 5 लाख डॉलरला विकलं गेलं. ही गोष्ट सांगून लोकांना चित्रं विकणारे मला दोन भेटलेत. दोघांकडेही बास्किया नव्हता.

कराचं पण ऐका. घरातलं फर्निचर, कपडे, फ्रीज ही वैयक्तिक वापराची वस्तू, विकून नफा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही. चित्र मात्र कायद्यानं त्या सवलतीतून मुद्दाम बाहेर काढलंय. 24 महिन्यांनंतर विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के. आणि नफा सिद्ध करायला खरेदीचं बिल लागतं. चौदांपैकी किती चित्रांची बिलं आहेत तुमच्याकडे? खरं सांगा.

दोनबीएचके

पाच. बाकी व्हॉट्सॲपवर 'मिळाले सर, धन्यवाद' आहे.

ब्रशवाला

मी भिंती रंगवतो, म्हणून बोलतो. दोनबीएचके, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुमचा एक नियम टोचला.

आधी भिंतीचं सांगतो. स्वच्छ सर्वेक्षणाचा हंगाम आला की आम्हाला फोन येतात. पैसे चौरस फुटावर, बिल्डिंगच्या रंगाऱ्याला देतात तसे. विषय ठरलेला असतो. झाडं, चिमण्या, ओला कचरा सुका कचरा. ज्या भिंतीवर मला हवं ते काढता येतं, तिचे पैसे मिळत नाहीत, उलट रंगाचे डबे माझ्या खिशातून. म्हणजे भिंत पोसायची तर कॅनव्हास विकावाच लागतो. 'रस्त्यावरची कला घरात कशाला' असं कुणी म्हणण्याआधीच सांगून ठेवतो.

आता टोचलं ते. '25 हजारांच्या वर नाही' आणि 'थेट चित्रकाराकडून'. थेट म्हणजे गॅलरीचा वाटा वाचवून, बरोबर? गॅलरी तिसरा हिस्सा घेते, कधी निम्मा. पण भिंत, लाइट, पत्रिका, वर्षानुवर्षं जमवलेले गिऱ्हाईक हे तिचं असतं. मी ज्या भावाला तिथे लावतो त्याच भावाला घरूनही विकलं पाहिजे, नाहीतर उद्या मला कोण दारात उभं करेल? तुमच्यासारखे पाच जण घरी येऊन 'गॅलरी नाही ना मध्ये, मग कमी करा' म्हणाले की माझा भाव कायमचा 25 हजारांत अडकतो. तुमची हद्द माझं छप्पर होते.

अजून एक राग. एका कॅफेनं माझं चित्र घेतलं, चांगले पैसे दिले. सहा महिन्यांनी गेलो तर तेच चित्र मेनूकार्डावर, कपांवर, पोरांच्या टी-शर्टवर. मालक म्हणाला, 'विकत घेतलंय की.' तयार चित्र विकत घेतलं म्हणजे कॅनव्हास तुमचा, कॉपीराइट चित्रकाराचाच. आमच्याकडून पैसे देऊन खास काढून घेतलंत तर गोष्ट वेगळी, तिथे आधी लेखी ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणून नुसता भांडून आलो. आता कोऱ्या कागदावर का होईना, दोन ओळी लिहून सही घेतो.

जमाखर्च

त्यात तिसरी ओळ घाला. कॉपीराइट कायद्याचं कलम 53 अ. मूळ चित्र पुढे 10 हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराला वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के. कागदावर फार छान आहे. मागितलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शनिवारातली मावशी

मला हा प्रकारच मुळात पटत नाही. माझं वय 67, जन्म वाड्यातला. कसब्यात गल्लीबोळांतल्या भिंती रंगवल्या तेव्हा मी रोज भाजी आणायला मुद्दाम लांबून जायचे. ते चित्र भाजीवालीचं होतं, शाळेतल्या पोरांचं होतं, त्याच्यासमोर स्कूटर लावणाऱ्याचंही होतं. पाऊस लागला, पोपडे उडाले, एका ठिकाणी नळाची पाइप चित्राच्या नाकातून गेली. तीच त्याची गंमत. तोच हात कॅनव्हासवर आणून सोफ्याच्या वर टांगला की चित्र पाळीव होतं.

त्या बँक्सीनं, भिंतींवर नाव लपवून चित्रं काढणाऱ्या त्या इंग्रज चित्रकारानं, 2018 मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडल्या पडल्या स्वतःचं चित्र फ्रेममधल्या यंत्रातून अर्धं कातरून टाकलं. निषेधच होता ना तो?

आणि संग्रह कशाला म्हणतात ते बाजीराव रोडला जाऊन बघा. काकासाहेब केळकरांचा चष्म्यांचा धंदा होता. माणसानं गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं जमवली, लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं, राजाच्या नावानं, संग्रहालय केलं आणि वीस हजारांवर वस्तू सरकारच्या हवाली केल्या. कुणीही तिकीट काढून बघतं. तुमची चौदा चित्रं कोण बघतं? साडू.

जमाखर्च

मावशी, त्या कातरलेल्या चित्राचा पुढचा अंक सांगायचा राहिला. 2018 मध्ये ते साधारण 10 लाख 40 हजार पौंडांना गेलं होतं. कातरलेल्या अवस्थेत 2021 मध्ये 1 कोटी 85 लाखांवर गेलं. निषेध बाजारानं व्याजासकट विकत घेतला.

ब्रशवाला

मावशी, पोपडे तुम्हाला गंमत वाटतात, कारण रंग तुमचा नव्हता. माझी एक भिंत होती, आठ रात्री काम केलं होतं. निवडणुकीआधी कुणीतरी सरळ पांढरा फासून वर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या. काम नासवलं तर कलाकाराला दाद मागता येते, असा कायदा आहे म्हणतात. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगलांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढलं गेलं, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला 2005 मध्ये. ते नावाजलेले शिल्पकार होते. मी कुठे जाऊ? त्या भिंतीचं आज जे काही उरलंय ते आधी करून बघितलेल्या दीड फुटी कॅनव्हासवर आहे, आणि तो कुणाच्या तरी सोफ्याच्या वरच आहे. पाळीव तर पाळीव.

सादळलेला

वाद चालू द्या, मी ओलीचं बोलतो. कागदावरचं शाईचं काम, अर्धा पगार देऊन घेतलेलं. हौसेनं पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं. ऑगस्टमध्ये मागून ओल आली. दिवाळीच्या साफसफाईत उतरवलं तर कागदावर चहाचे थेंब उडावेत तसे तपकिरी ठिपके, आणि कडेला कसर. फ्रेमवाल्यानं साध्या पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पट्टी, घातला होता, मागे हार्डबोर्ड, आणि काच थेट कागदाला टेकलेली. बुरशीला याहून चांगलं घर काय हवं?

आता कागदाला ॲसिड-फ्री माउंट मागूनच घेतो, काच आणि कागद यांत फट ठेवायला लावतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे काप चिकटवतो, म्हणजे भिंतीपासून वारा खेळतो. बाहेरच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी, देवघरातल्या समईच्या वर काही लावायचं नाही. कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर टाकू नका, ॲक्रिलिक एकमेकांना चिकटतं. दसऱ्याला सगळी उतरवून पाठ बघायची. पुढून चित्र सगळेच बघतात.

आणि हो, हवा कोरडी ठेवायला एसी चांगला.

फलाट क्रमांक 3

इथे दोन गोष्टींची मिसळ होतेय. भिंतीवरची स्प्रेची कला हा एक प्रकार, आणि शहर हा विषय घेऊन काढलेलं चित्र हा दुसरा. लिलाववाले दोन्हींना 'अर्बन' म्हणतात, कारण त्यांना वर्गवारी हवी असते. आपण कशाला फसायचं? सुधीर पटवर्धन जन्मले पुण्यात, शिकले इथल्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत त्यांनी लोकलमधली, इराण्यातली, गिरणगावातली माणसं काढली. त्यांनी स्प्रेचा डबा हातात घेतला नाही, तरी त्यांच्याहून जास्त शहरी चित्र कुणाचं? अतुल दोडियांनी दुकानाच्या रोलिंग शटरवरच चित्रं काढली. रस्ता तिथे आत आला, पण सोफ्यावर शोभेल असा होऊन नाही.

आणि म्हणून धागाकर्त्याला माझा प्रश्न. तुमच्या चांदणी चौकाच्या चित्रात तुम्ही चित्र घेतलंत की तिथे घालवलेली सहा वर्षं? उद्या तोच पूल कुणी वाईट काढला असता, तरी तुमचा हात खिशात गेलाच असता. मग तो फोटोंचा अल्बम झाला. पटवर्धनांच्या चित्रात हळहळ नसते, म्हणून ती टिकतात.

दोनबीएचके

हे लागलं. म्हणून खरं सांगतो.

चौदांपैकी दोन वाईट आहेत. त्यातलं एक, पर्वतीच्या पायऱ्या संध्याकाळी, आकाश जांभळं. घेतलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण आजोबा रोज चढायचे. आता ते बघवत नाही. पायऱ्या केकसारख्या दिसतात. बेडरूममध्ये कपाटाच्या बाजूला लावलंय, दार उघडलं की झाकलं जातं. पण ते घरात चार वर्षं राहिलं नसतं तर पिवळा टॉवेल मला दिसला नसता, असं मला वाटतं. वाईट चित्र रोज बघून जेवढं कळतं तेवढं चांगलं चित्र वीस मिनिटं बघून कळत नाही. म्हणजे अल्बमपासून सुरुवात झाली, हे मान्य. तिथेच थांबलोय, हे मान्य नाही.

ब्रशवाला, हद्दीबद्दल तुमचं बरोबर. मी ती माझ्यासाठी घातली होती, समोरच्याच्या बाजूनं कधी बघितलीच नाही. यापुढे वर्षाचा आकडा ठरवीन, चित्राचा नाही. दोन वर्षांत एक घेईन, पण सांगितलेल्या भावाला. घासाघीस मी दोनदा केलीय. दोन्ही वेळा समोरच्यानं लगेच 'हो' म्हटलं, आणि ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

मावशी, वोगेलांनीही पुढे अमेरिकेच्या 50 राज्यांतल्या एकेका संग्रहालयाला 50-50 कलाकृती देऊन टाकल्या, हे लिहायचं राहिलं होतं. पण तुमचा साडूचा टोमणा त्यानं खोटा ठरत नाही. म्हणून काल सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, क्लबहाउसमध्ये दोन रविवार चित्रं लावू का? म्हणाले, "विक्री आहे का? असेल तर भाडं पडेल." नाही म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि खरंच न कळून विचारलं, "मग कशासाठी?" अजून उत्तर दिलेलं नाही.

जमाखर्च

'हेतू: सांस्कृतिक' लिहा. आणि आधी त्या नऊ चित्रांची बिलं करून घ्या.

शनिवारातली मावशी

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मी येईन, भाजीवालीलाही घेऊन येईन. ती जांभळी पर्वती पण लावा, लपवू नका. आणि तो टॉवेलवाला पूल दाराशी नको, तिथे लोक चपला काढतात.