‘मेमरी संपली’ हे बरोबर आहे का?

प्रश्न, लातूर:
कॅसँड्रा या डेटाबेसच्या क्लस्टरवर (एकत्र चालणाऱ्या मशीनवर) रात्रपाळी करणाऱ्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायलोय. नोड (त्यातलं एक मशीन) रीस्टार्ट केला अन् सर्व्हिस उठलीच नाही, की सगळे नोंदवहीत एकच लिहायलेत: ‘मेमरी संपली’. ‘आउट ऑफ मेमरी’ या एररला हेच म्हणायचं का? अन् ‘हीप’ला, म्हणजे जावासाठी राखलेल्या मेमरीला, ‘ढीग’ चालेल का?

नांदेडहून:
संपायला आधी हाती तर यावी लागते! मोठ्या मशीनची सेटिंग फाइल जशीच्या तशी छोट्यावर टाकली: एक्सएमएस (सुरुवातीलाच मागायचा हीप) १६ जीबी, मशीन ८ जीबीचं, स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) बंद. कॅसँड्रा जावावर चालते; जावा मागते, लिनक्स देत नाही. इथं ‘मेमरी मिळाली नाही’ लिहा. सुरू होताना कमिट लॉग (आधीच्या लेखनांची नोंद) परत वाचता वाचता हीप भरला, तर ‘हीप पुरला नाही’. तेव्हा मशीनवर रॅम मोकळी असू शकते. ‘मेमरी संपली’ एवढंच वाचून नवी रॅम मागवणारे इथंच फसतात.

परभणीहून:
ओओएम किलर राहिला की, म्हणजे मेमरी कमी पडली की प्रोसेस मारणारा लिनक्स कर्नलचा भाग. त्यानं प्रोसेस मारली तर कॅसँड्राच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही सापडत नाही. सिगकिल (तिथल्या तिथं मारणारा ९ नंबरचा सिग्नल) आल्यावर लिहायला सवड कुठली? डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा. कंटेनर असेल तर एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. आम्ही सरळ ‘कर्नलनं मारलं’ लिहितो. एकानं ‘सर्व्हिस हुतात्मा झाली’ लिहिलं होतं, ते सोडा.

नांदेडहून:
अजून एक. ‘मॅप फेल्ड’लाही जावा आउटऑफमेमरीएररच म्हणते. कॅसँड्रा एसएसटेबलच्या (डिस्कवरच्या डेटाच्या) फाइली मॅप करते, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांना जोडते, अन् किती मॅपिंग करता येतील याला लिनक्सची मर्यादा असते: मॅक्स_मॅप_काउंट. मुळात ती बहुधा ६५५३० असते, कॅसँड्रासाठी १०४८५७५ ठेवायला सांगतात. म्हणजे ‘संपली’ हे क्रियापद बरोबर, पण संपली ती मॅपिंगची मर्यादा, मेमरी नव्हे.

धाराशिवहून:
‘ढीग’ नको. ढीग म्हटलं की रचलेला माल दिसतो, सोयाबीनच्या बनीमीसारखा. हीप म्हणजे जावासाठी राखलेली जागा, रिकामी असली तरी हीपच. अन् टिपणात ‘ढीग कमी करा’ असं लिहिलं तर एखादा पोरगा डेटाच उडवील.

प्रश्नकर्ता, लातूर:
बरं, ‘हीप’च ठेवतो. अडलेल्या नोडचं डीमेसेज बघितलं, त्यात किलर नाही. लॉगमध्ये ‘मॅप फेल्ड’ निघालं.