मिस्त्रीने नुकसान केलं, तर पैसे कापायचे की सोडून द्यायचं?

रिकामी चौकट: काल इथे एकाने लिहिलंय, "कामगाराच्या हातून काही बिघडलं तर घरमालकाने मोठं मन करावं, घरकामात एवढं चालायचंच." वाचून डोकं सणकलं, म्हणून हे लांबण. माझ्याकडे फरशीवाल्याने सिमेंटचे डाग काढायला बाथरूमभर अ‍ॅसिड ओतलं. खिडकीची पट्टी संगमरवराची. तिच्यावर फसफसून फेस आला, माझ्या डोळ्यांदेखत. पाणी मारेपर्यंत पॉलिश गेलेलं. आता तिथे हात फिरवला की खडूवर फिरवल्यासारखं लागतं. नळांचं क्रोमही काळवंडलं, नुसत्या वाफेने. आणि महाशय काय म्हणाले? "ते आधीपासून तसंच होतं." शेवटचा हप्ता मी दिलेला नाही आणि देणारही नाही.

करणी थापी: मी हीच कामं घेतो, तेव्हा आमचंही ऐका. नुकसान एका पट्टीचं आणि पैसे अडवले अख्ख्या हप्त्याचे? त्यातूनच हाताखालच्या पोरांची मजुरी निघते. संगमरवर घासून पुन्हा पॉलिश होतो. तो खर्च कापा, बाकीचे देऊन टाका. आणि "फरशी चकचकीत करून द्या" असा धोशा निम्म्या वेळा मालकच लावतो, हेही लिहा की.

रिकामी चौकट: मी लावला नव्हता. बाटली त्याचीच होती.

गळका नळ: तुमचं नुकसान निदान लगेच दिसलं तरी. आमच्याकडे सुताराने आरसा टांगायला ड्रिल मारलं ते थेट भिंतीतल्या पाइपात. पठ्ठ्याने स्क्रू तसाच पिळला, त्या स्क्रूनेच भोक बुजलं, आणि हा पैसे घेऊन गेला. चार महिन्यांनी पलीकडच्या खोलीत कपाटामागे रंगाचे पोपडे. तोवर सुतार फोनही उचलेना. मुळात भिंतीच्या आत पाइप घालणं हाच मूर्खपणा आहे. बाहेरून काढा, गळलं की दिसतं.

करणी थापी: सुतार चुकला, मान्य. नळाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल मारायचं नसतं. पण गिलाव्याआधी टेप धरून पाइपांचे फोटो काढले होते का?

गळका नळ: घर घेतलं तेव्हा भिंती रंगवून तयार होत्या. फोटो काय स्वप्नात काढू?

मोजपट्टी: पाइप बाहेरून? रोज उठून त्या नळ्यांचं तोंड बघायचं? वर धूळ, जळमटं. गिलाव्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासून घ्या, आतला पाइप वर्षानुवर्षं त्रास देत नाही.

गळका नळ: ड्रिलपुढे तुमची ती दीडपट काय करणार? तुम्ही शोभा सांभाळा, मी भिंत सांभाळतो.

मोजपट्टी: मग विजेच्या वायरीही बाहेर लोंबू द्या. होऊ दे घराचा कारखाना.

गळका नळ: वायर गळत नाही.

मोजपट्टी: ड्रिल वायरीवर बसलं असतं तर सुताराच्या जिवावर बेतू शकलं असतं. असो, वाद घालण्यात अर्थ नाही.

गळका नळ: घालताय तर तुम्हीच!

उगाच आपलं: पाइप पुरे झाले हो. माझं ऐका. वॉटरप्रूफिंगवाल्याला मी म्हटलं, फरशी बसवण्याआधी निचऱ्याचं तोंड बंद करून 24 तास पाणी भरून ठेवा. तो हसला, "ताई, विश्वास नाही का?" म्हटलं, नाही. दुसऱ्या सकाळी खालच्यांच्या छताला थेंब! मुकाट्याने स्वतःच्या खर्चाने पुन्हा थर दिला. फरशी बसल्यावर कळलं असतं तर त्याने प्लंबरकडे बोट दाखवलं असतं आणि प्लंबरने त्याच्याकडे.

रिकामी चौकट: म्हणजे शेवटी दोष माझाच, मी दिवसभर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले नाही! बरं, करणी थापी, तुमचं अर्धं पटलं, अगदी नाइलाजाने. पॉलिशवाल्याकडून आकडा लिहून घेते, नळांचा वेगळा, तेवढे कापून बाकीचे देते. पण "आधीपासून तसंच होतं" हे त्याने आता म्हणून दाखवावं. काम सुरू व्हायच्या आधीचा पट्टीचा फोटो सापडलाय.

करणी थापी: मग पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडावर धरायचा ना!

रिकामी चौकट: पडद्याचं माप कळावं म्हणून काढला होता. काल पडदेवाल्याला पाठवताना दिसला.

गळका नळ: पाइप बाहेरूनच.