आईचा पीएम किसानचा हप्ता थांबलाय, लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी) 'नो' दाखवतंय, काय करावं?

कोरडवाहू_वाशीम
राम राम मंडळी. तीन एकर कोरडवाहू आहे आमची, वाशीम जिल्ह्यात. वडील २०२१ ला गेले, वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं, तिचा पीएम किसानचा अर्ज मंजूर झाला, चार हप्ते आले न् मग बंदच. ऑक्टोबर २०२४ मधी १८वा हप्ता आमच्याच जिल्ह्यातून सुटला, गावात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर मेसेज, आई फोन घेऊन संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिली. नाहीच आला. तेव्हापासून तालुक्याला पाच चकरा झाल्या, तलाठी म्हणतात कृषीला जा, कृषीवाले म्हणतात बँकेत जा. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पण बंद. दोन हजार म्हणजे डीएपीची एक बॅग न् युरियाच्या दोन, पेरणीच्या तोंडावर तेवढ्यासाठी लोकांकडं हात पसरावा लागतो.

सेंटरवाला_भाऊ
भाऊ मी सेवा केंद्र चालवतो, रोज हेच बघतो. स्टेटस उघडलं की तीन गोष्टी बघायच्या, लँड सीडिंग, ई-केवायसी म्हणजे ओळखीची पडताळणी, न् आधार-बँक सीडिंग म्हणजे बँक खात्याला आधार जोडलेलं. तुमचं पहिलंच अडकलंय म्हणजे बँकेत जाऊन काही उपयोग नाही. जमिनीची नोंद दुरुस्त करायचं काम महसूलचं, म्हणून तहसीलला लेखी अर्ज द्या, सोबत नवा सातबारा, आठ अ, वारसाचा फेरफार, आईच्या आधारची झेरॉक्स. फेरफार विसरू नका, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन या योजनेत धरत नाहीत, फक्त वारसानं आलेली धरतात, न् ते फेरफारावरूनच कळतं. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, काढलाय का? एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषीच्या योजनांना लागतोच, त्यात गट नंबर आईच्या आधारला जोडलाय का ते पण बघा.

कापूसवेचणी
आमच्या मावशीचं तिन्ही 'येस' होतं तरी पैसे दिसंना. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंग बघितलं तर बचत गटासाठी उघडलेलं जुनं खातं निघालं, पासबुक पत्र्याच्या पेटीत, सगळे हप्ते तिथंच जमा! आधारला शेवटी जे खातं जोडलं तिथंच पैसे जातात, आपण फॉर्मवर कुठलं लिहिलं याला अर्थ नाही. केवायसीला पण लई त्रास झाला, कापूस वेचून वेचून बोटाचे ठसेच उरले नाहीत, मशीन घेईना. मग पीएम किसानच्या अॅपवरून चेहरा दाखवून केलं, अंगणात उजेडात उभं केलं तेव्हा कुठं झालं.

कोरडवाहू_वाशीम
फार्मर आयडी काढलाय पण त्यात वडिलांच्या वेळचा जुना गट नंबर पडलाय, पोटहिस्सा झालेला नाहीच घेतला, आत्ता बघितलं. अर्ज करतो. मागचे हप्ते बुडाले का पण?

सेंटरवाला_भाऊ
नाही बुडत, दुरुस्ती झाली की राहिलेले पुढच्या हप्त्यासोबत येतात. नमोची यादी पीएम किसानवरूनच बनते, ते पण सुरू होईल. एक बघा, वडिलांच्या खात्यात ते गेल्यानंतर हप्ता पडला असेल तर त्याला हात लावू नका, तो परत भरावा लागतो. सोमवारी जाताना आईला सोबत न्या, सही लागली तर परत चक्कर नको.