देवनारचा डोंगर चाळून हाती नेमकं काय लागणार?

खाडीकाठ:
देवनारच्या डंपिंगवर 1927 पासून मुंबईचा कचरा पडतोय. जुना साठा 185 लाख टन धरून महापालिकेने 2025 मध्ये 2368 कोटींची निविदा काढली. भागाकार करून बघा, टनामागे साधारण 1280 रुपये पडतात. एवढ्यात कचरा उकरायचा, वाळवायचा, ट्रॉमेलमध्ये चाळायचा आणि निघेल ते बाहेर न्यायचं.

जमीन मोकळी होऊ दे, माझी ना नाही. पण दर वेळी ‘कचऱ्यातून संपत्ती’ची टिमकी कशाला? ट्रॉमेल म्हणजे भोकं पाडलेलं, जरा तिरकं बसवलेलं फिरतं पिंप. त्याला आकार कळतो, किंमत कळत नाही. काचेचा तुकडा, हाड आणि सुपारीएवढा खडा त्याच्या लेखी एकच. शिवाय विकण्याजोगं जे होतं, म्हणजे तांबं, लोखंड, बाटल्या, कडक प्लास्टिक, ते कचरावेचकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर वेचून भंगारात घातलंय. मागे राहिली माती, राडारोडा आणि चिखल भरलेल्या पिशव्या. तेव्हा याला सरळ जागा रिकामी करणं म्हणा. आणि पैसे चाळलेल्या टनांवर देऊ नका. बाहेर काय गेलं, कुठे गेलं, कोणत्या दर्जाचं गेलं, ते बघून द्या.

नट-बोल्ट:
खाडीकाठ साहेब, चाळणी यंत्रांची देखभाल हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून बोलतो. तुम्ही एका पिंपावरून सगळ्या कामाचा निकाल लावताय. कचरा आधी लांब रांगांत रचतात, त्यावर जिवाणूंचं कल्चर फवारतात, दर आठवड्याला पोकलेनने उलटापालट करतात. तीन-चार आठवड्यांत सडायचं ते सडतं, पाणी उडतं, वास मरतो. मग पहिलं ट्रॉमेल जाड भोकांचं, 100 मिलिमीटरच्या आसपास, त्यामागे बारीक, शेवटी 4 ते 6 मिलिमीटरचं. पट्ट्यावर लोहचुंबक लोखंड उचलतं, हवेचा झोत हलकं प्लास्टिक उडवून वेगळं करतो आणि विटा-दगड खाली पडतात. म्हणजे निवड एकट्या आकारावर होत नाही, वजनावरही होते.

घोळ होतो तो ओल्या मालामुळे. ओली माती भोकांत अशी बसते की तासाभरात चाळण म्हणजे नुसता पत्रा. वरचा ब्रशही काही करू शकत नाही. आणि चिंध्या! साडीचे काठ, नायलॉनची दोरी, जुन्या कॅसेटच्या फिती शाफ्टला गुंडाळतात. मशीन थांबवून माणूस आत उतरतो आणि कोयत्याने ते भेंडोळं कापून काढतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम जवळपास बंदच धरा. दिवसाचे टन भरायचे म्हणून ओला माल रेटला, तर दोष ट्रॉमेलचा की रेटणाऱ्याचा?

खाडीकाठ:
रेटतात कारण बिल टनावर निघतं! तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की.

बैंगनवाडी:
तुमचं दर्जाचं गणित चालू द्या दादा. जानेवारी 2016 मध्ये डंपिंग पेटलं तेव्हा धूर आमच्या घरात होता. उन्हाळ्यात आतला मिथेन पेटतो, पावसात काळं पाणी खाडीत उतरतं. मातीतून एक रुपया सुटला नाही तरी हा डोंगर हलायला हवा. संपत्ती निघाली नाही म्हणून काम अडवू नका, एवढंच.

मुलुंड पूर्व:
अडवत कोणीच नाही हो, पण आमच्याकडे बघा. मुलुंडचं डंपिंग 2018 ला बंद झालं, साठा 70 लाख टन, कामाची मुदत सहा वर्षं. मुदत सरली, पुढे वाढवावी लागली. देवनार त्याच्या अडीचपटीहून मोठं आणि मुदत म्हणे तीन वर्षं! त्यातून 124 एकर धारावी प्रकल्पाला द्यायचं ठरलंय, म्हणजे घाई होणारच. घाईत काय होतं ते नट-बोल्टनी वर सांगितलंच आहे.

शंकासूर:
सगळे यंत्रावर बोलताय, पुढचं कोणी बोलेना. सर्वांत जास्त निघणार ती बारीक माती. तिच्यात काचेचा चुरा, प्लास्टिकचे कण, जड धातू. खत म्हणून शेतात टाकायला मी देणार नाही. सखल जागेत भराव घालायचा तरी आधी तपासणी हवी, नाहीतर देवनारचं विष ट्रकभाड्यासकट दुसऱ्या गावाला पोचवल्यासारखं होईल.

दुसरं आरडीएफ, म्हणजे जळाऊ प्लास्टिक-चिंध्या. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा पुरायचा नाही, असं ठरलं होतं. ठीक. पण तो जाळणाऱ्या सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दुधाच्या जुन्या पिशवीला चिकटलेल्या चिखलाचं भाडं कोण भरणार? राख जास्त निघाली किंवा पीव्हीसीतला क्लोरीन वाढला की भट्टीवाला गाडी दारातूनच परत पाठवतो.

नट-बोल्ट:
हे मात्र शंभर टक्के खरं. चिखल झाडायला माल वाळलेला हवा, आणि चाळल्यावर पुन्हा झटकणारं यंत्र हवं. ते महाग पडतं म्हणून बरेच जण गाळतात. पण खाडीकाठ, पैसे सगळे दर्जावर ठेवलेत तर एकही ठेकेदार फिरकणार नाही. आत काय पुरलंय हे त्याला कुठे माहीत? थोडा दर खोदाई-चाळणीचा, उरलेला भट्टीने माल घेतल्याची पोच आणि मातीचा तपासणी अहवाल आल्यावर, असं करा.

खाडीकाठ:
निम्मा-निम्मा असेल तर मान्य. आत्ता पोच म्हणजे आपल्याच वजनकाट्याची पावती.

बैंगनवाडी:
अटी लिहायलाच बसलात तर डंपरवर ताडपत्री आणि ट्रॉमेलपाशी पाण्याचा फवाराही लिहा. कोरडा माल चाळा म्हणताय, पण त्याची धूळ शेजारच्या शिवाजीनगरात येते, चंद्रपूरला नाही.

नट-बोल्ट:
फवारा चाळणीच्या तोंडाशी नको, माल परत ओला होईल. पिंपावर बंदिस्त शेड आणि धूळ ओढणारा पंखा मागा. फवारा रस्त्यावर.