सायप्रसमधील ट्रूडोस डोंगरातील चित्रांकित चर्च: दोन दिवसांत काय पाहावे?

प्रश्न (वाटसरू):

एप्रिलअखेरीस आई आणि मी सायप्रसला जाणार आहोत. समुद्रकिनाऱ्याचे आम्हा दोघींनाही फारसे आकर्षण नाही. ट्रूडोस डोंगरातील बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या) परंपरेतील भित्तिचित्रांची चर्च पाहणे हाच सहलीचा मुख्य हेतू आहे. युनेस्कोच्या यादीत अशी दहा चर्च आहेत, परंतु ती वेगवेगळ्या खोऱ्यांत विखुरलेली आहेत आणि आमच्या हाती डोंगरासाठी दोनच दिवस आहेत. त्यांपैकी कोणती निवडावीत, मुक्काम कोठे करावा आणि गाडी स्वतः चालवावी का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लांबची चढण टाळावी लागेल. अजिंठा आम्ही सावकाश पाहिले आहे. त्या दृष्टीने येथे काय वेगळे दिसेल, हेही कोणी सांगितल्यास आनंद होईल.

प्रतिसाद (गिलावा):

पहिली विनंती अशी की दहाही चर्च पाहण्याचा हट्ट धरू नये. ही चर्च बाहेरून एखाद्या कौलारू गोठ्यासारखी साधी दिसतात आणि आत मात्र एकही हात जागा रिकामी नसते; डोळे अंधाराला सरावायलाच थोडा वेळ जातो, आणि घाईने फिरणाऱ्याला नेमके तेवढ्यातच बाहेर पडावे लागते. दोन दिवसांत चार किंवा पाच चर्च नीट पाहिलीत, तर सुमारे चारशे वर्षांत ही चित्रकला कशी बदलत गेली हे स्वतःच्या डोळ्यांनी समजेल.

आरंभ निकितारी गावाजवळच्या असिनू येथील चर्चपासून करावा. तेथील सर्वांत जुनी चित्रे 1105–06 सालची असून ती रंगवून घेणाऱ्या निकेफोरोस या अधिकाऱ्याचे नाव शिलालेखात आढळते. आत शिरल्यावर सेबास्तेच्या चाळीस हुतात्म्यांचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या रोमन सैनिकांचे, चित्र अवश्य शोधा. गोठलेल्या तळ्यात उघड्या अंगाने उभे असलेले हे पुरुष थंडीने काकडत आहेत, आणि प्रत्येकाची देहबोली निराळी आहे. नंतर बांधलेल्या प्रवेशमंडपात शिकारी कुत्रे आणि सायप्रसमधील रानमेंढे रंगवलेले आहेत. संतांच्या गर्दीत त्यांच्याकडे सहज दुर्लक्ष होते.

दुसरे चर्च लागुदेरा येथील पानायिया तू आराका (पानायिया म्हणजे येशूची आई मरिया). एकच चर्च पाहता येणार असेल, तर मी हेच पाहण्यास सांगेन. चित्रांवर 1192 हे साल आहे. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडचा राजा रिचर्ड याने बेट जिंकले होते आणि बायझंटाइन सत्तेचा तेथे शेवट झाला होता. तरीही इतक्या उलथापालथीच्या काळात एका दात्याने हे काम पूर्ण करून घेतले. घुमटात विश्वाधिपती ख्रिस्ताचा भव्य चेहरा आहे आणि खालच्या खिडक्यांमधल्या जागेत संदेष्टे उभे आहेत. वस्त्रांच्या चुण्या पाण्याच्या प्रवाहासारख्या वळणे घेत जातात. दक्षिण भिंतीवर उभ्या मरियेच्या दोन्ही बाजूंना देवदूत आहेत आणि त्यांच्या हाती ख्रिस्ताच्या पुढील यातनांची साधने आहेत. कडेवरच्या बाळाचे भविष्य ठाऊक असलेल्या त्या आईच्या नजरेसमोर थोडा वेळ उभे राहावे.

अजिंठ्याशी तुलना केली असता तंत्रातील फरक महत्त्वाचा आहे. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले आहेत. ट्रूडोसमध्ये मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगकाम होते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होताना रंगाचे कण त्याच्या पृष्ठभागात पकडले जातात. बारकाव्यांची अखेरची रेघ मात्र बऱ्याचदा सुकलेल्या पृष्ठभागावर ओढली जाई, म्हणून कोठे डोळ्यांची किंवा दागिन्यांची रेषा गळून खालचा सपाट रंग उरलेला दिसतो.

प्रतिसाद (डोंगरकूस):

वरील निवडीशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात उत्तरकालीन दोन चर्चांची भर घालतो. पेदुलास गावातील मुख्य देवदूत मायकलचे चर्च 1474 मध्ये मिनास नावाच्या चित्रकाराने रंगवले. दाता असलेला गावचा पाद्री हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरून उभा आहे आणि मागे त्याची पत्नी व दोन मुली आहेत. दरबारी चित्रांतून न दिसणारे त्या काळातील खेड्यातील कुटुंब येथे आपल्या पोशाखासह दिसते, म्हणून मला हे चर्च फार प्रिय आहे. गलाता येथील पानायिया पोदिथू 1502 चे, म्हणजे व्हेनिसच्या अमलातील असून तेथे इटालियन चित्रकलेची छाप स्पष्ट जाणवते.

मुक्काम काकोपेत्रिया येथे करावा. त्याच सोलेआ खोऱ्यात पोदिथू आहे, असिनू जवळ पडते आणि गावाबाहेरच सेंट निकोलसचे चर्च आहे. घुमटाच्या वर दुसरे उतरते छप्पर चढवल्यामुळे ते ‘छपराचा निकोलस’ या नावाने ओळखले जाते. हिवाळ्यात येथे बर्फ पडते, म्हणून या भागातील चर्चांवर अशी उंच लाकडी, कौलारू छपरे आढळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लागुदेरा आणि दुपारी पेदुलास असा क्रम ठेवावा. रस्ते घाटाचे असल्याने नकाशावरील अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये.

वाहन भाड्याने घेणेच सोयीचे आहे, कारण बस मोठ्या गावांपर्यंतच उपयोगी पडते. सायप्रसमध्ये आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने चालतात. या पाचही ठिकाणी वाहन जवळपर्यंत जाते, त्यामुळे आपल्या मातोश्रींना अडचण येऊ नये. लागुदेरापासून प्लातानिस्तासाजवळच्या आयियास्माती चर्चपर्यंत सुमारे 7 किलोमीटरची सुंदर पायवाट आहे, मात्र ती या वेळी सोडावी.

वाटसरू:

दोघांचेही मनापासून आभार. चर्च बंद आढळल्यास काय करावे, आणि आत छायाचित्रे काढता येतात का?

डोंगरकूस:

काही चर्चांच्या किल्ल्या गावातील राखणदाराकडे किंवा पाद्रीबाबांकडे असतात. गावच्या कॉफीच्या दुकानात विचारल्यास ते निरोप पाठवतात. दुपारच्या विश्रांतीची वेळ आणि रविवार सकाळची प्रार्थना टाळावी आणि आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणाहून दूरध्वनी करवून घ्यावा. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे असावेत, आणि निघताना दानपेटीत काहीतरी अवश्य टाकावे. बहुतेक ठिकाणी आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.

गिलावा:

म्हणूनच कॅमेऱ्याऐवजी लहान दुर्बीण सोबत ठेवा. घुमटातील चेहरे आणि वरच्या पट्ट्यांतील प्रसंग जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत, आणि लागुदेऱ्याच्या घुमटासाठी तर ती हवीच.