काटा म्हंजे वजनकाटा न्हवं, आक्का

बाळू: मिनी ट्रॅक्टरच्या लोडरला काटा घ्यायचा ठरतोय. मिरजेत बघून आलो. कुणाला काय माहिती असंल तर सांगा, बेदाण्याचा सीझन तोंडावर आलाय.

आक्का: शेडात दोन काटे हायत की रे. तिसरा कशाला?

बाळू: आक्का, वजनाचा न्हवं. फोर्कलिफ्टला पुढं दोन लांब दात असतात बघ, तसले. बकेट काढून लावायचे.

आक्का: मग दात म्हण की 😄

भावजी (पलूस): बकेट काढायची कशाला? बकेटच्या पात्यालाच बोल्टनं आवळायचे दात मिळतात. निम्म्या पैशात काम.

अण्णा: भावजी, ते शेजारच्या मळ्यातनं मागून आणून वापरून झालंय. बेदाण्याच्या पेट्या उचलल्या आणि पातं मधीच वाकलं. आता त्या बकेटनं शेणखत भरायला गेलं की निम्मं खालीच राहतंय.

दादा (कुपवाड): आमच्या कोल्ड स्टोरेजला रोज हेच चालतं, म्हणून जरा लांब लिहितोय. बाळू, लोडरच्या पुस्तकात किती लिहिलंय?

बाळू: 400 किलो.

दादा (कुपवाड): ते 400 पिनेवरचं. बकेट जिथं जोडतात तिथलं. पेट्या पिनेवर बसत न्हाईत, दातांवर बसतात, आणि त्यांचं वजन पिनेपासनं अर्धा मीटर पुढं पडतंय. तिथं 300 च्या आसपास धर. त्यातनं फ्रेम आणि दातांचं वजन वजा कर. ते 100 असलं तर हातात राहिलं 200. बेदाण्याची पेटी 15 किलोची. म्हंजे 13 पेट्या. दुकानदार म्हणतोय "दात टनभर पेलतात". पेलतील की, पण लोडरनं उचलायला पाहिजे ना.

भावजी (पलूस): 13 पेट्या तर दोन हमाल हसत नेतील.

दादा (कुपवाड): दिवसभर न्या म्हणावं, मग बघू हसतात का. 😀

बाळू: लांबी? 4 फुटी दाखवलेत.

दादा (कुपवाड): साडेतीन फूट बास. पॅलेटच्या, म्हंजे पेट्यांखालच्या लाकडी चौकटीच्या, पार जाणारा दात मागच्या थप्पीतल्या पेटीत घुसतो. आमच्याकडं एकदा असंच झालं, सगळा बेदाणा फरशीवर. आणि लांबीचं वजनही परत लोडरलाच. कोपऱ्यात, जिथं दात उभ्या पट्टीला वळतो, तिथं जाडी बघ. सगळा ताण तिथं. वापरलेला घेत असशील तर तिथली झीज दहावा हिस्सा झाली की तो दात बाद, आणि तिथं वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडं तर जाऊच नको.

अण्णा: मागच्या लिफ्टला लावलं तर? पुस्तकात 750 किलो हाय.

दादा (कुपवाड): अण्णा, द्राक्षं वाळवायच्या रॅकपर्यंत क्रेट न्यायला तेच बरं. मागचा एक्सल भक्कम असतोय. पण ती लिफ्ट उंच जात न्हाई, पिकअपात पेटी चढणार न्हाई.

अण्णा: मग लोडरलाच. गाडी भरायचीच खरी अडचण हाय.

दादा (कुपवाड): तर मागं रोटाव्हेटर जोडूनच ठेवायचा. मागं वजन नसलं तर मागची चाकं हलकी होतात, ब्रेक मागच्या चाकांना, आणि सगळा भार पुढच्या एक्सलवर.

वहिनी: मागल्या वर्षी ओघळीजवळ हीच गत झाली होती ना? मागलं चाक हवेत, आणि बाळू सीटवर दगडासारखा.

बाळू: वहिनी, ग्रुपवर कशाला.

दादा (कुपवाड): अजून एक. लोडर वर जाईल तसा दात मागं कलतो, पेट्या बॉनेटवर यायला लागतात. वर घेताना लिव्हरनं दात पुढं पाडत जायचं. पाठीला जाळीची फ्रेम पाहिजेच. चालताना दात जमिनीपासनं वीतभरच वर.

*(दुसऱ्या दिवशी)*

बाळू: परत दुकानात गेलो. वजन विचारलं तर म्हणाले "असेल 90 एक". म्हटलं काट्यावर टाका. फ्रेमसकट 128 भरलं.

दादा (कुपवाड): 172 राहिले. 11 पेट्या.

आक्का: शेवटी लागलाच की वजनकाटा!

अण्णा: तो नको. हलका बघ. आणि येताना डिपिंग ऑईलचे, द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवायला लागतं त्याचे, दोन कॅन आण, कालच सांगितलेलं.